फाट्यापर्यंत

"कुठं निघालासा, हरिबा?"

रंगुबाईनं चुलीवरच्या किटलीवरची नजर न काढताच विचारलं. साखर कारखान्याच्या गेटासमोर तिचं चहाचं खोपट होतं, आणि गेटातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न विचारणं तिला आपलं कामच वाटे. उत्तर काय येतं याच्याशी तिचं फारसं देणंघेणं नसे. पण गेले दहा दिवस हरिबा या प्रश्नाला रोज नवं उत्तर शोधत होता.

"दळणाला," तो म्हणाला आणि हातातली कापडी पिशवी जरा वर उचलून दाखवली.

"आज सोमवार न्हवं? गिरण बंद आसती की."

काल तो गोडेतेल आणायला चालला होता, परवा म्हशीचं औषध आणायला. त्याच्याकडं म्हैस नव्हती, हे सुदैवानं रंगुबाईच्या ध्यानात आलं नव्हतं.

"बंद हाय का त्येच बघून येतो," तो म्हणाला.

"बंद हाय ते बघाय कोन जातंय व्हय?" रंगुबाई खळखळून हसली. हरिबानं मान खाली घातली आणि पाय उचलला.

पिशवीत जोंधळे नव्हते. काहीच नव्हतं. खरी गोष्ट अशी होती की हरिबा कुठंच चालला नव्हता. त्याला रस्त्याकडेच्या तारेच्या चौथ्या खांबापर्यंत जायचं होतं आणि तिथून परत फिरायचं होतं, एवढंच. आता ही गोष्ट कुणाला आणि कोणत्या तोंडानं सांगायची? त्या मुलखात माणूस रस्त्याला लागतो तो शेताला, बाजाराला, नाहीतर कुणाच्या मयताला जायला. सत्तेचाळीस वर्षांचा, मिशा पिकायला लागलेला बाप्या चार खांब चालतो आणि खांबाला हात लावून माघारी येतो, असं कळलं असतं तर लोकांनी देवर्षी बोलावला असता.

सगळं मिरजेच्या डॉक्टरमुळं झालं होतं. दसऱ्याच्या आधी, गेटाचं मोठं लोखंडी फाटक ओढताना हरिबाच्या छातीत कळ आली. डाव्या दंडातून उतरून ती करंगळीपर्यंत गेली. फाटकाला धरून त्यानं ती उभ्याउभ्या सोसली आणि कुणाला पत्ता लागू दिला नाही. पण घामानं भिजलेला सदरा बायकोपासून लपवता येत नाही. तिसऱ्यांदा कळ आली तेव्हा धोंडुबाईनं त्याचं काही चालू दिलं नाही. पावण्यांकडं जातो म्हणून सांगून दोघं सुट्टीच्या दिवशी एसटीनं मिरजेला गेली.

डॉक्टर तरुण होता. त्यानं छातीला नळी लावली, यंत्रातून कागदाची लांब पट्टी काढली आणि ती बघत बघत विचारलं, "काम काय करता?"

"गेटावर बसतूय."

"किती वर्षं?"

"अकरा झाली."

"आणि त्याआधी?"

"मेंढरं राखत हुतो."

डॉक्टर हसला. "म्हणजे निम्मं आयुष्य चालण्यात काढलंत आणि मग एकदम बसलात. हृदय बुचकळ्यात पडलंय तुमचं. आता त्याला परत चालायला शिकवायचं. पण हळूहळू. पहिल्या आठवड्यात रोज दोन खांब. दुसऱ्या आठवड्यात चार. दर आठवड्याला दोन वाढवायचे. चालता चालता शेजारच्याशी बोलता आलं पाहिजे. बोलताना दम लागला तर समजायचं की चाल जास्त झाली. कळ आली तर बसायचं आणि ही गोळी जिभेखाली धरायची. संक्रांत झाली की या."

हरिबाला हे तोंडात मारल्यासारखं वाटलं. जतकडच्या माळापासून पार कोकणात उतरेपर्यंत दोनशे मेंढरांमागं चाललेला धनगर तो. कार्तिकात वाडा, म्हणजे बिऱ्हाडासकट कळप, हलला की पावसाच्या तोंडावर माघारी. पावलं कधी कुणी मोजली होती? एका दुष्काळात निम्मी मेंढरं पटापट मेली, उरलेली धाकट्या भावाच्या, बिराप्पाच्या हवाली करून तो कृष्णाकाठी आला आणि गेटावरच्या बाकड्यावर बसला, ही गोष्ट निराळी. म्हणून काय त्याला कुणी चालायला शिकवावं?

त्याच तिरमिरीत पहिल्या दिवशी तो दोन खांबांवर थांबलाच नाही. कारखान्यापासून एसटीच्या फाट्यापर्यंत चोवीस खांब होते. तो फाट्याच्याही पुढं मैलभर गेला, एखादी मेंढी चुकली असावी तशा चालीनं. परत येताना बाराव्या खांबाजवळ, ओढ्यावरच्या मोरीवर कळेनं त्याला गाठलं. गोळी घरी कोनाड्यात होती. मोरीच्या कठड्याला टेकून, दात आवळून, तो किती वेळ बसला ते त्याचं त्यालाही कळलं नाही. शेवटी शोधत आलेल्या धोंडुबाईनं गोळी तोंडात घातली आणि मग त्याच्याशी दोन दिवस ती एक शब्द बोलली नाही. हरिबानं कानाला खडा लावला.

लपवायचं कारण मात्र वेगळं होतं. अकरा वर्षांपूर्वी त्या बाकड्यावर सोपान नावाचा पहारेकरी बसायचा. त्याला दम्याचा विकार होता. एके दिवशी मोठ्या साहेबांची मोटार आत येताना सोपान खोकत वाकलेला दिसला, आणि आठ दिवसांत त्याची जागा रिकामी झाली. त्या जागेवर हरिबा आला. जाताना सोपाननं गळ्यातल्या पंच्यानं बाकडं पुसून दिलं होतं. "जपून बस गड्या. ह्येचा एक पाय आखूड हाय," एवढंच तो म्हणाला होता. आपल्या छातीतली कळ गेटावरच्या कुणाला कळली तर आपलंही बाकडं पुसायची वेळ येईल, हे हरिबाला पक्कं ठाऊक होतं. नोकरी गेली की कारखान्याच्या आवारातली खोलीही जाणार होती.

"त्ये डागदरनं सांगितलेलं ध्येनात हाय न्हवं?" धोंडुबाई रोज विचारायची. एके दिवशी ती घागर घेऊन पाण्याला जायच्या निमित्तानं त्याच्यामागं निघाली आणि सहाव्या खांबापर्यंत तिला धावावं लागलं.

"आवं, तुमास्नी हळू चालाय येत न्हाई," ती घागर खाली ठेवून म्हणाली.

"मेंढरांमागं हळूच चालत हुतो की."

"तवा म्होरं मेंढरं हुती. आता कोन हाय म्होरं?"

संध्याकाळी धोंडुबाईनं ट्रंकेच्या तळातून एक फडकं काढलं. आत त्याची जुनी चाती होती, लोकर कातायची, आणि मूठभर काळी लोकर. वाड्याबरोबर चालताना धनगराचा हात रिकामा नसतो. काखेत लोकरीचा पेळू, बोटांत सूत, आणि खाली गरगर फिरणारी चाती. धोंडुबाई लग्न होऊन आली तेव्हा अंगावर घ्यायला जे घोंगडं मिळालं, त्याचं सूत हरिबानं तीन वर्षं चालता चालता कातलं होतं.

"ही फिरवत चाला," ती म्हणाली. "सूत तुटलं की समजायचं, लय पळालासा."

"खाकीत चाती फिरवू? लोक काय म्हनतील?"

"मग पिशवीत घाला. पहिला खांब वलांडून गेलासा की काढा."

अशी ती रिकामी पिशवी भरली. पहाट उजाडता हरिबा गेटाबाहेर पडायचा. रात्रीपासून नंबर लावून उभ्या असलेल्या उसाच्या बैलगाड्यांची रांग ओलांडायचा, आणि गाडीवानांच्या नजरेआड झाला की चाती बाहेर काढायचा. पहिले दोन दिवस बोटं अडाण्यासारखी वागली. तिसऱ्या दिवशी त्यांना आठवलं. मग सूत निघायला लागलं, पाय आपोआप त्याच्या बेतानं पडायला लागले आणि श्वासही. मळीचा वास मागं राहायचा. थंडीत धुकं कृष्णेवरून उसाच्या फडांवर सरकत यायचं. आठ खांब झाले, दहा झाले. बाराव्या खांबाजवळच्या मोरीवर तो बसायचा, रस्त्याकडं पाठ करून, म्हणजे जाणाऱ्यायेणाऱ्याला तोंड दिसू नये. दम खाल्ला की चाती पिशवीत आणि माघारी. आठच्या भोंग्याला तो गेटावर हजर असे.

खरं सांगायचं तर त्या दिवसांत हरिबा सुखी होता, आणि हे त्याला कुणाला सांगता येत नव्हतं. छातीतलं ते दडपण सैल होत होतं. फाटक ओढताना आता मध्येच थांबावं लागत नसे.

एकदा चौदाव्या खांबाजवळ समोरून मेंढरांचा कळप आला. पूर्वेकडचाच वाडा होता, कोकणाकडं निघालेला. घोड्यावर बिऱ्हाड, घोड्यामागं कुत्री, आणि धुळीत शे-दीडशे मेंढरं. हरिबा कडेला उभा राहिला. लोकरीचा तो ओला उबट वास नाकात गेला आणि त्याला गलबलून आलं. मागचा धनगर तरुण होता. हरिबाच्या हातातली फिरती चाती बघून तो थांबला.

"राम राम पावणं. मेंढरं कुठायत?"

सूत कातत चाललेल्या माणसाची मेंढरं कुठंतरी असणारच, असा त्याचा साधा हिशेब.

"फुडं गेल्यात," हरिबा म्हणाला.

"लय मागं ऱ्हायलासा की," तो पोरगेला धनगर हसला आणि आपल्या कळपामागं गेला. त्या दिवशी सूत दोनदा तुटलं.

आता नाथाजीचं सांगायला हवं. नाथाजी साखरेच्या गोदामात पोती उचलायचा. गेल्या वर्षी साखर रेशनवर होती, दुकानात मिळत नव्हती, आणि कारखान्यात तिचे डोंगर. साहजिकच गेटावर डबे तपासायचा हुकूम होता. हरिबा डोळ्यांत तेल घालून तपासायचा. नाथाजीच्या डब्यात भाकरीखाली फडक्यात बांधलेली साखर निघाली. "पोरीला बघाय पावणं येनार हायती रं हरिबा, बिनसाखरंचा च्या कसा द्यायचा?" तो सगळ्यांदेखत हात जोडून म्हणाला होता. हरिबानं डबा जमादाराच्या टेबलावर नेऊन ठेवला. नाथाजी पंधरा दिवस कामाबाहेर बसला. पोरीला बघायला पावणे आले की नाही, हे हरिबानं कधी विचारलं नाही.

जो सगळ्यांचे डबे उघडतो, त्याची पिशवी कोण उघडणार? हरिबा सुट्टीच्या कपड्यात असो की खाकीत, गेटावरचे दुसरे शिपाई त्याला नुसती मान हलवून सोडत. तो मान त्यानं अकरा वर्षांत कमावला होता आणि त्याचं त्यालाही आतून बरं वाटायचं.

पौषात एका सकाळी नाथाजी रंगुबाईच्या खोपटात चहा पीत बसला होता.

"ह्यो हरिबा रोज कुठं जातोय गं पिशवी घेऊन?" त्यानं विचारलं.

"कुनाला ठावं," रंगुबाई म्हणाली. तिच्या मनात काही नव्हतं. "कवा दळान म्हनतोय, कवा त्याल म्हनतोय. गिरण बंद आसली तरी दळनाला जातोय येडा. मोरीवर बसलेला दिसतोय म्हनं गाडीवानास्नी. तोंड तिकडं करून."

नाथाजीनं कपबशी खाली ठेवली. बंद गिरणीला जाणारी पिशवी, मोरी, तोंड तिकडं. दोन दिवसांत ही गोष्ट गोदामात फिरली, तिथून बॉयलरवर गेली, आणि जमादाराच्या कानावर येईपर्यंत तिला पाय फुटले होते. मोरीखाली कुणीतरी थांबतं, हरिबा साखर देतो, तो माणूस पैसे देतो. त्या माणसाला निळा फेटा असतो, असंही एकानं सांगितलं.

तो दिवस शुक्रवार होता. डॉक्टरच्या हिशेबानं हरिबा त्या आठवड्यात वीस खांबांवर होता. फाटा समोर दिसत होता. आणखी दोन आठवडे, की कळ न येता फाट्यापर्यंत जाऊन यायचं आणि संक्रांतीनंतर डॉक्टरसमोर ताठ उभं राहायचं, एवढा एक विचार करत तो परत आला. आठचा भोंगा व्हायला दहा मिनिटं होती. दोन्ही पाळ्यांची माणसं गेटात दाटली होती. एक आत येणारी, एक बाहेर जाणारी.

"हरिबा, थांब जरा," जमादार म्हणाला.

जमादार दादासो त्याच्याबरोबरच नोकरीला लागलेला. दोघांनी एका तंबाखूच्या बटव्यात अकरा वर्षं बोटं घातली होती. आज तो हरिबाच्या तोंडाकडं बघत नव्हता.

"पिशवी दाव."

गेटातली कुजबुज थांबली. हरिबाला आधी वाटलं, दादासो थट्टा करतोय. मग त्याला नाथाजी दिसला, फाटकाच्या खांबाला टेकून उभा असलेला, आणि ही थट्टा नव्हे हे त्याला कळलं.

"माझी?"

"तुझीच. नेम सगळ्यास्नी सारखा हाय, तूच म्हनतोस न्हवं?"

हरिबानं पिशवी टेबलावर उलटी केली. चाती घरंगळून बाहेर आली. मागोमाग काळ्या सुताचा गुंडा, लोकरीचा पेळू आणि गोळ्यांची चपटी बाटली. कुणीतरी फिसकन हसलं. खाकीतला शिपाई आणि धनगराची चाती! हसू गेटभर पसरलं. दादासोच्या तोंडावरचा ताण उतरला. त्यानं बाटलीकडं बघितलं न बघितल्यासारखं केलं आणि चाती उचलून पिशवीत परत घातली.

"जा, जा. कामाला लाग," तो हळूच म्हणाला.

"आज न्हाई म्हनून काय झालं?" नाथाजी मोठ्यानं बोलला. "येताना पिशवीत काय आसनार? जाताना बघा की. आन् मोरीवर रोज कुनाची वाट बघत बसतोय त्येबी इचारा."

आता सगळ्यांच्या नजरा हरिबावर होत्या. ज्यांचे डबे त्यानं अकरा वर्षं उघडले होते, ती सगळी माणसं समोर होती. त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता. त्यांना फक्त जाणून घ्यायचं होतं, आणि हरिबाला तेच सोसेना. आपण आत्ता काही न बोलता कामाला लागलो तर सुटतो, हे त्याला दिसत होतं. दादासो सोडायला तयार होता. पण उद्या हाच नाथाजी डबा घेऊन समोर येणार, आणि डबा उघडायला आपण हात पुढं करणार. त्या हाताकडं तो कसा बघेल?

"कुनाची वाट बघत न्हाई," हरिबा म्हणाला. आवाज त्याला वाटला त्यापेक्षा बारीक निघाला. "दम लागतोय म्हनून बसतूय. माझ्या छातीत कळ येती. दसऱ्यापासनं येती. मिरजेच्या डागदरनं चालाय सांगितलंय, रोज थोडं थोडं. म्हनून चालतूय. गिरण, त्याल, समदं खोटं हुतं. पन पिशवीत साखर कवाच न्हवती."

भोंगा वाजला, तरी माणसं हलली नाहीत. नाथाजीनं खांबावरची पाठ काढली आणि तो खाली बघत आत निघून गेला. हरिबानं पिशवी खांद्याला अडकवली, बाकड्यावर ठेवलेली काठी उचलली आणि पहिल्या माणसाचा डबा उघडायला हात पुढं केला. त्या माणसानं झाकण आधीच काढून धरलं होतं.

संध्याकाळी दादासो खोलीवर आला. दारातच उभा राहिला.

"कशापायी बोललास रं?" तो म्हणाला. "म्या सोडत हुतो की तुला. आता समद्या गेटानं ऐकलंय. उद्या तू गेटावर पडलास तर मला इचारतील. मला वर सांगावं लागनार."

"सांग," हरिबा म्हणाला.

दादासो गेल्यावर धोंडुबाईनं भाकरीचा तवा आपटून खाली ठेवला. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती.

"पिशवीत काय न्हाई ह्ये बगितलं हुतं न्हवं त्यांनी? तेवढ्यावर सुटला आसतासा. दोन आठवडं ऱ्हायलं हुतं. दोन आठवडं! म्या रोज इथं बसून खांब मोजत हुते तुमच्यासंगट."

"सुटलो आसतो," हरिबा म्हणाला. "पन सौंशय ऱ्हायला आसता. ज्येच्यावर सौंशय हाय त्येनं दुसऱ्याचा डबा कसा उघडायचा?"

"डबं! तुमचा जीव ऱ्हायला बाजूला आन् डबं!" ती म्हणाली. जेवताना मात्र तिनं त्याच्या ताटात रोजच्यासारखीच अर्धी भाकरी कमी वाढली. तेही डॉक्टरनंच सांगितलं होतं.

वरून हुकूम आला तो वाईट भाषेत नव्हता. प्रकृतीच्या कारणास्तव पहाऱ्याचं काम देता येत नाही, पंधरा दिवसांत खोली रिकामी करावी, एवढंच त्यात होतं. दुसरं काही बसून करायचं काम मिळेल का, असं दादासोनं स्वतः जाऊन विचारलं. नाही मिळालं. हरिबाला त्याचं फार नवल वाटलं नाही. सोपानलाही मिळालं नव्हतं. त्या अकरा वर्षांत सोपान कुठं गेला, जगला की मेला, याची आपण एकदाही चौकशी केली नाही, ही गोष्ट मात्र त्याला आता रोज टोचायला लागली. गेटातलं ते बाकडं दिसलं की टोचायची.

बिराप्पाकडं गावी जायचं ठरलं. तो वाड्याबरोबर कोकणात होता, पण घर होतं, चार शेळ्या होत्या.

"तिकडच्या रस्त्याला खांब न्हाईत," हरिबा सामान बांधताना म्हणाला.

"मग बाभळी मोजा," धोंडुबाई म्हणाली. पंधरा दिवसांत ती पहिल्यांदा जरा हसली.

निघायच्या दिवशी सामान तीन गाठोडी आणि एक ट्रंक एवढंच होतं. माघारी चाललेल्या रिकाम्या उसाच्या गाडीत ते फाट्यापर्यंत टाकायचं ठरलं. गाडीवान "तुमीबी बसा की" म्हणत होता. पण हरिबानं आधी गाडी गेटात थांबवायला सांगितली. त्याच्या बाकड्यावर एक नवा माणूस बसला होता, अंगातली खाकी अजून कडक असलेला. दादासो टेबलामागून उठून आला.

हरिबानं एकेक गाठोडं खाली घेतलं आणि टेबलावर सोडलं. लुगडी, भांडी, घोंगडं. मग ट्रंकेचं झाकण उघडलं.

"हरिबा, नगं रं," दादासो कळवळून म्हणाला. "लाजिवतोस का मला?"

"तपास, जमादार. नेम हाय."

पाळीची माणसं थांबली होती. त्यांत नाथाजी होता. दादासोनं हात घोंगड्याखाली घातला, ट्रंकेच्या तळापर्यंत नेला, पिशवीतही घातला. मग "व्हय. जाऊ द्या," असं तो म्हणाला. नाथाजी पुढं आला आणि कुणी न सांगता त्यानं गाठोडी पुन्हा बांधली, घट्ट गाठी मारून, आणि गाडीत चढवली. हरिबाकडं त्यानं वर बघितलं नाही. हरिबा बाकड्यावरच्या नव्या माणसाजवळ गेला.

"ह्येचा एक पाय आखूड हाय," तो म्हणाला. "खाली लाकडाची चिपटी लावून घ्या."

गाडी पुढं गेली. धोंडुबाईला त्यानं गाडीत बसवलं होतं. ती मागं तोंड करून, पाय सोडून बसली होती, आणि बैल सावकाश चालावेत म्हणून गाडीवानाला दोनदा सांगून झालं होतं. हरिबानं पिशवीतून चाती काढली. गेटाच्या आतच काढली. अंगात आता धोतर आणि सदरा होता, पण खाकी असती तरी त्यानं ती काढली असती.

"कुठं निघालासा, हरिबा?" खोपटातून आवाज आला. सवयीनं तोंडातून गेलं आणि मग आपण काय विचारलं ते रंगुबाईच्या ध्यानात आलं. तिनं पदर तोंडाला लावला. "माझ्याच तोंडानं घात झाला रं बाबा."

"न्हाई, रंगुबाई," हरिबा म्हणाला. "तुमी इचारीत हुतासा. म्याच खोटं सांगत हुतो." मग त्यानं तिच्या प्रश्नाचं उत्तर दिलं. "फाट्यापातूर चाललूय. चालत."

चार खांब झाले, आठ झाले. उसाच्या भरल्या गाड्या समोरून येत होत्या आणि गाडीवान त्याच्याकडं बघत होते. चाती फिरत होती. अकराव्या खांबाजवळ सूत तुटलं आणि छातीत हलकं दडपण आलं. जड झालेला दिवस होता, कुणालाही आलं असतं. पुढच्या गाडीतून धोंडुबाईनं ते पाहिलं आणि गाडी थांबवली. त्यानं तिला हातानं खूण केली की काही नाही, थांबा.

मोरीवर तो बसला. नेहमीसारखी रस्त्याकडं पाठ केली नाही. रस्त्याकडं तोंड करून, चाती मांडीवर ठेवून, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून बसला. एका भरल्या गाडीचा म्हातारा गाडीवान कासरा ओढून थांबला.

"बरं वाटंना का, पावणं?"

"व्हय," हरिबा म्हणाला. "दम लागलाय. वाईच बसतूय, मग जाईन फुडं."

म्हाताऱ्यानं मान हलवली आणि गाडी हाकली. हरिबानं समोर बघितलं. फाट्यापर्यंतचे बारा खांब उन्हात एकामागं एक उभे होते. तुटलेलं सूत शोधून त्यानं ते चातीला पुन्हा जोडलं आणि श्वास जागेवर येण्याची वाट बघत बसून राहिला.